ओपस (ध्वनी कोडेक)

ओपस हा बोलणे आणि संगीत यांचे अंकीय संक्षेपण करणारा खुला कोडेक आहे. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने सप्टेंबर २०१२ मध्ये 'आरएफसी ६७१६' या दस्तऐवजाद्वारे तो मानक म्हणून प्रसिद्ध केला. इंटरनेटवरून बोलण्याच्या अनेक मोबाइल ॲपमध्ये तो वापरला जातो. व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेशही याच कोडेकने साठवलेले असतात.

पार्श्वभूमी

दूरध्वनी जाळ्यांतील जुना जी.७११ हा कोडेक (१९७२) सेकंदाला ८,००० नमुने घेतो आणि त्यासाठी ६४ किलोबिट खर्च करतो. त्यातून सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पोहोचतो. 'स'सारख्या घर्षक वर्णांची बरीचशी ऊर्जा याहून वरच्या पट्ट्यात असते. त्यामुळे दूरध्वनीवर अनोळखी नाव ऐकताना 'स' की 'फ' असा संभ्रम पडतो. ओपस गरजेनुसार ६ ते ५१० किलोबिट प्रतिसेकंद या मर्यादेत काम करतो आणि संपूर्ण श्राव्य पट्टा वाहून नेऊ शकतो.

रचना

ओपसमध्ये दोन पद्धतींचा संगम आहे: बोलण्यासाठी स्काइपने विकसित केलेली 'सिल्क' आणि संगीतासाठी झिफ.ऑर्ग या संस्थेची 'सेल्ट'. जोडणी मंदावली की बिटदर संभाषण चालू असतानाच कमी करता येतो. वाटेत हरवलेल्या तुकड्याची पुसट प्रत पुढच्या तुकड्यासोबत पाठवण्याचीही सोय आहे.

बिटदर कमी केल्याने डेटा त्याच प्रमाणात वाचतो, हा समज मात्र बरोबर नाही. १६ किलोबिट दराने २० मिलिसेकंदांचे बोलणे ४० बाइटांत मावते. आयपी (चौथी आवृत्ती), यूडीपी आणि आरटीपी यांची शीर्षके मिळूनही ४० बाइटच होतात. म्हणजे पत्राइतकेच वजन पाकिटाचे! तुकडा ६० मिलिसेकंदांचा केला तर पाकिटे एक-तृतीयांश होतात, पण आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघे एकाच वेळी बोलू लागतात.

फोनमधील उपलब्धता

दोन्ही फोनना एकच कोडेक उमगणे आवश्यक असते. संभाषण जोडताना दोन्ही बाजू आपापल्या याद्या ताडून पाहतात. समान कोडेक न सापडल्यास मधल्या सर्व्हरला रूपांतर करावे लागते, आणि त्यासाठी कूटबद्ध संभाषण वाटेत उघडावे लागते. कोडेकची सुसंगतता हा केवळ स्पष्ट आवाजाचा विषय नाही, तो खासगीपणाचाही आहे.

'आरएफसी ७८७४' (२०१६) नुसार वेबआरटीसी प्रणालीत ओपस व जी.७११ दोन्ही अनिवार्य आहेत. अँड्रॉइडमध्ये ओपस ऐकवण्याची सोय ५.० आवृत्तीपासून, तर ध्वनिमुद्रणाची १० पासून आहे. तथापि ओपसची आज्ञावली खुली असून तिच्या पेटंटांसाठी स्वामित्वशुल्क लागत नाही. त्यामुळे ॲपनिर्माते ती आपल्या ॲपमध्येच समाविष्ट करू शकतात, आणि जुन्या फोनवरही ओपस चालतो.