‘सिस्टर, हे इंजेक्शन कशाचं?’ हा प्रश्न डॉक्टर-नर्सना का खटकतो?

गेल्या वर्षी आजीला ॲडमिट केलं होतं. रात्री सिस्टर सलाईनमधून इंजेक्शन द्यायला आल्या. मी विचारलं, “हे कशाचं आहे?” उत्तर आलं, “डॉक्टरांनी लिहून दिलंय.” पुन्हा विचारलं तर, “तुम्ही जरा बाहेर थांबा.”

इंजेक्शन बरोबरच होतं. पण ते मला दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आल्यावर कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर 10 रुग्णांपैकी साधारण एकाला उपचार घेतानाच इजा होते आणि त्यातली जवळपास निम्मी प्रकरणं टाळता येण्यासारखी असतात. चुकीचा डोस, हात न धुतल्यामुळे झालेला संसर्ग, असं बरंच काही. म्हणूनच 2023 च्या जागतिक रुग्ण सुरक्षा दिनाचा विषय होता, रुग्णांना यात सहभागी करून घेणं. कारण साधं आहे. ड्युट्या बदलतात, डॉक्टर बदलतात, पण सगळा वेळ तिथेच असतो तो रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसलेलं घरचं माणूस.

मग अडतं कुठे?

ॲलर्जी सांगा, चालू गोळ्यांची यादी आणा, इथपर्यंत कुणाचीच हरकत नसते. माहिती देणारा रुग्ण सगळ्यांना आवडतो. तपासणारा रुग्ण नको असतो. “डॉक्टर, तुम्ही हात धुतलेत का?” हा प्रश्न विचारून बघा! लंडनमध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. साधी माहिती विचारायला रुग्ण तयार होते, पण असे आव्हान देणारे प्रश्न विचारायला कचरत होते. मात्र डॉक्टरांनीच “विचारा” असं सांगितलं, तर त्यांची तयारी वाढत होती.

म्हणजे चावी कर्मचाऱ्यांच्या हातात आहे. पण त्यांचीही बाजू आहे. रात्री अख्खा वॉर्ड एका सिस्टरकडे असेल, तर प्रत्येक प्रश्न म्हणजे पुढच्या बेडला उशीर. त्यात प्रश्नामागे संशय आहे का, उद्या तक्रार होणार का, ही धास्ती. आपल्याकडे तर नातेवाईकांनी हात उगारल्याच्या बातम्या येतच असतात. महाराष्ट्राला 2010 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. अशा वातावरणात “हे कशाचं?” हा प्रश्न चौकशीसारखा ऐकू येतो.

पण न ऐकण्याची किंमत किती असू शकते? इंग्लंडमधली 13 वर्षांची मार्था मिल्स सायकलवरून पडली. हँडल पोटात लागून स्वादुपिंडाला इजा झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तिला सेप्सिस झाला. आई-वडील वारंवार काळजी बोलून दाखवत होते. ऑगस्ट 2021 मध्ये ती गेली. तिला वेळेत आयसीयूत हलवलं असतं तर बहुधा ती वाचली असती, असा निष्कर्ष पुढे मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला.

तिच्या आईने, पत्रकार मेरोपी मिल्स यांनी, हा विषय लावून धरला आणि 2024 मध्ये इंग्लंडमधल्या 143 रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू व्हायला सुरुवात झाली. तब्येत बिघडतेय आणि कुणी ऐकत नाहीये असं वाटलं, तर रुग्ण किंवा घरचे 24 तासांत कधीही फोन करून दुसऱ्या टीमला तपासायला बोलावू शकतात.

ऊठसूट फोन येतील, ही भीती होतीच. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2024 मध्ये किमान 573 कॉल आले. त्यातल्या जवळपास निम्म्या कॉलमध्ये तब्येत खरंच तातडीने तपासावी लागली. 14 जणांना तर आयसीयूसारख्या विभागात हलवावं लागलं.

आपल्याकडे असा फोन नंबर नाही. पण ऑपरेशनआधी भूल देण्यापूर्वी तुम्हालाच तुमचं नाव आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन हे विचारलं जातं ना? “यांना एवढंही माहीत नाही?” असं वाटून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जरी चेकलिस्टमधली ती पहिली पायरी आहे. तिथे तपासायचं काम रुग्णावरही सोपवलेलं आहे.

आजीच्या वॉर्डातल्या सकाळच्या सिस्टर गोळी देण्याआधी म्हणायच्या, “आजी, नाव सांगा. ही कशाची गोळी?” तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, “अगं, आज एक कमी आहे.” सिस्टरनी चार्ट पाहिला. डॉक्टरांनी ती बंद केली होती.

“बरं झालं विचारलंत,” त्या म्हणाल्या.