तंबोऱ्यात मूळ काय उरतं?

१९६५ साली लंडनच्या यार्डबर्ड्स या बँडने 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता. सतारीचं ध्वनिमुद्रण मनासारखं उतरेना, तेव्हा जेफ बेकने गिटारला फझ पेडल जोडून तसाच झणझणाट काढला, आणि रेकॉर्डवर तोच गेला. फझ म्हणजे दोन-तीन ट्रान्झिस्टरची पायाशी ठेवायची डबी. तिच्यात गिटारचा सूर इतका वाढवतात की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि वरचे उपस्वर उसळून येतात. या डब्यांचे शौकीन आज झाकण उघडून आत बघतात: ट्रान्झिस्टरवर एनकेटी २७५ छापलंय की एसी १२८, कपॅसिटर त्याच काळातले की मागाहून बदललेले. एखादा भाग बदललेला निघाला की भाव उतरतो.

बेकने ज्या आवाजाची नक्कल केली, तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कानशीने घडवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार बंधू हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यांकडे वळले, तिथून सतार-तंबोऱ्यांचा हा धंदा उभा राहिला.

दुरुस्तीला आलेला जुना तंबोरा कारागीर बाहेरूनच वाचतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, त्याची जाडी किती, तडा कुठे सांधलाय. तारांच्या दाबाने तबली बसलीय का. दांडी गळ्याशी पुन्हा चिकटवलीय का. चारही खुंट्या एका हातच्या वाटतात का. मग तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. हस्तिदंत असेल तर कापलेल्या बाजूवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. सांबरशिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. आता ही दोन्ही कायद्याने बंद आहेत. उंटाचं हाड, लाकूड किंवा फायबर वापरतात.

खरी गोम घोडीच्या माथ्यावर आहे. तो सपाट दिसतो, पण त्याला नजरेत न येणारा उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते, तिचा टेकण्याचा बिंदू सतत सरकतो आणि उपस्वर जागे होतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोरा तो पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं. उपस्वर आपल्या गवयांना रोजच भेटत होते: नीट लागलेल्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो.

हा उतार मोजपट्टीने निघत नाही. दोन हात कानस, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. शेवटी तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आवाज उघडतो. यालाच जवारी काढणं म्हणतात. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः जवारी काढण्यात वाकबगार होते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, मोजमापं घेतली तीही खाँसाहेबांच्याच गळ्यावरून. देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साताऱ्याच्या फिलहार्मोनिक सोसायटीने पुढे श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. ती पेटी काही चालली नाही. मला त्याचं फारसं नवल वाटत नाही: पट्टी दाबली की ठरलेलाच स्वर देणाऱ्या वाद्यात कानाला करण्यासारखं उरतं काय?

पेडलवाल्यांचा हिशेब इथे मोडतो. वाजवता वाजवता तार घोडीत चरी पाडते, आवाज बुजतो आणि माथा पुन्हा घासावा लागतो. म्हणजे तंबोरा शंभर वर्षांचा असला तरी त्याचा आवाज घडवणारा पृष्ठभाग फार तर काही वर्षांपूर्वीचा. भोपळा जुना, जवारी नवी, आणि त्यामुळे कोणी भाव पाडून मागत नाही. उलट 'जवारी कोणाच्या हातची?' असंच विचारतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात गावाचं नाव नोंदलं गेलं, हात मात्र गल्लीत जाऊनच शोधावा लागतो.

जाताना दोन गोष्टी ठरवून जाव्यात: तंबोरा काळी एकला लावणार की पांढरी चारला, आणि तारा कोणत्या जाडीच्या. पट्टी बदलली की तारेचा ताण बदलतो, आणि तीच जवारी मग बोलत नाही.