कप्तान उत्खननाला लागतो तेव्हा

बेटमा-इंदूरकडच्या विज्ञानकथाप्रेमींनो, 'द बरीड एज' वाचलीत का? ख्रिस्तोफर बेनेट यांची 'स्टार ट्रेक'वरची ही कादंबरी २००७ साली आली. मालिकेचा नायक कप्तान पिकार्ड 'स्टारगेझर' हे यान २३५५मध्ये गमावतो आणि त्याला 'एंटरप्राइज' हे यान मिळतं २३६४मध्ये. मधली नऊ वर्षं तो काय करत होता, हे मालिकेने सांगितलंच नाही. बेनेट ती पोकळी भरतात: कप्तान ताफा सोडतो आणि पुरातत्त्वाकडे वळतो. मग एका अतिप्राचीन संस्कृतीचा माग लागतो. मध्यभाग जरा पसरट आहे, पण काळाचा आवाका जबरदस्त!

आपल्याला हे पुरातत्त्वाचं वेड नवं नाही. परमार राजा भोजाचा संवत् १०७६चा (इ.स. १०२०) ताम्रपट बेटम्याचाच. कोकण घेतल्याच्या विजयपर्वात दिलेल्या दानाची ती नोंद. 'एपिग्राफिया इंडिका'त तो संपादित केला द. बा. डिस्कळकरांनी. पिकार्डने तो तासन् तास न्याहाळला असता, याबद्दल मला तरी शंका नाही.

मराठीत याच जातीचं काही हवं असेल, तर नारळीकरांची 'वामन परत न आला' घ्या. तिथेही जमिनीखालून प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा निघतो. पिकार्डचं पुरातत्त्वप्रेम पडद्यावर पाहायचं असेल, तर आधी मालिकेचा १९९३चा 'द चेस' हा भाग बघा.