घसा, गर्दी आणि झडप

मरोळ पाइपलाइनजवळच्या आमच्या चाळीत एका शेजारणीला सगळे ‘नाजूक’ म्हणत. नळावरून हंडा आणताना ती दोनदा टेकायची. दुसऱ्या खेपेला, सातव्या महिन्यात, तिला रात्री आडवे होता येईना. उशांना टेकून ती बसल्या बसल्याच डोळा लावी. तेव्हा कुठे तिच्या छातीला स्टेथोस्कोप लागला आणि कळले, हृदयाची झडप आखडली आहे. लहानपणी तापात सांधे सुजले होते, हे तिच्या आईला मग आठवले. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. त्या ‘नाजूक’ शब्दाचा माग काढत मी पुढे बरेच वाचले.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ही दोन पाकळ्यांची झडप. बिशपच्या टोपीसारखी दिसते म्हणून नाव मायट्रल. धडधाकट प्रौढात तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. दुखण्याचे मूळ मात्र घशात. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या एका जंतूने मुलाचा घसा धरतो, तो चार दिवसांत बराही होतो. पण जंतूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती काही मुलांत फसते आणि तशाच दिसणाऱ्या स्वतःच्या ऊतींवर तुटून पडते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सूज या सांध्यातून त्या सांध्यात फिरते. सांधे पुरते बरे होतात, म्हणूनच घरचे विसरतात. झडप तशी सुटत नाही. पाकळ्या कडांना चिकटतात, जाड होतात, तोंड माशाच्या तोंडासारखे अरुंद होते. ते दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली गेले की रक्त फुप्फुसांत तुंबते, दम लागतो. गरोदरपणी रक्त वाढते, ठोकेही वाढतात. इतके दिवस निभावलेली झडप तिथे उघडी पडते.

पाश्चात्त्य ग्रंथांत ताप आणि आखडणे यांत वीसेक वर्षांचे अंतर सांगितलेले असे. १९६३ साली दिल्लीच्या ‘एम्स’मधील सुजॉय रॉय व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की भारतात विशीच्या आतल्या मुलांचीही झडप गंभीर आखडलेली सापडते. असे का? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग आमच्या खोलीत होता: दहा बाय बारा, झोपणारे आठ. एकाचा खोकला सर्वांचा, आणि घसा पुन्हा पुन्हा धरला की झडपेवर घावही पुन्हा पुन्हा. युरोप-अमेरिकेत हा ताप पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता. घरे मोठी झाली होती.

शस्त्रक्रियेची कथा विलक्षण आहे. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून ही झडप मोकळी केली. मुलगी जगली, तरी कोणत्याही वैद्याने त्यांच्याकडे दुसरा रुग्ण धाडला नाही! १९४८मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्केन यांनी ती वाट पुन्हा उघडली. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५०च्या दशकात ही शस्त्रक्रिया केली. सेन यांचे नाव निघते ते फेब्रुवारी १९६८च्या हृदयरोपणासाठी. त्यांचे हे बोटाचे काम मला अधिक मोलाचे वाटते. पुढे १९८४ साली जपानच्या कांजी इनोउए यांचा फुगा प्रसिद्ध झाला आणि छाती न उघडता झडप रुंदावता येऊ लागली.

झडप मोकळी झाली तरी घसा तोच, खोली तीच. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन, झडप बिघडलेली असेल तर निदान दहा वर्षे, पुष्कळदा चाळिशीपर्यंत. औषध स्वस्त आहे. सुई मात्र फार दुखते, आणि दवाखान्याच्या रांगेत दिवसाचा रोज बुडतो.

शेजारणीची झडप बाळंतपणानंतर बोटानेच मोकळी केली. तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दर एकविसाव्या दिवशी पेनाचा गोल असे. नवऱ्याच्या कारखान्याला टाळे लागले, त्या वर्षी चार महिने एकही गोल नव्हता. दिवाळीनंतर तिचे गुडघे सुजले.