म्हाताऱ्या राखणदाराचे जेवण



गाय वैरणीला तोंड लावीनाशी झाली की घरात केवढी धांदल उडते! डेअरीत दोन लिटर दूध कमी गेले की लगेच डॉक्टरांना फोन जातो. पण उंबऱ्याशी पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याने भाकरी हुंगून तोंड फिरवले, तर आपण काय म्हणतो? "माजलंय. लाड झालेत. दोन दिवस उपाशी ठेवा, मग बघा कसं मुकाट्यानं खातंय."

मीही हेच म्हणत होतो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ऊस, द्राक्षे, डाळिंब आणि ठिबकाच्या नळ्या यांवर सल्ला देण्यात गेली. कुत्रा हा काही माझ्या खात्याचा विषय नव्हे आणि मी पशुवैद्यही नव्हे. तरीही लिहितो आहे, कारण घरच्याच कुत्र्याच्या बाबतीत मी चुकलो आणि माझी चूक माझ्या निरक्षर आईने दाखवून दिली.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. 2009 च्या गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर एक कुत्री आली होती. टोळी गावी परतली आणि तिचे एक पिल्लू मागे राहिले. तोच आमचा मोत्या. जात गावठी, वजन असेल पंधरा-सोळा किलो. बारा-तेरा वर्षे त्याने गोठा राखला. रात्री कालव्याच्या बाजूने कोणी आले की आम्हाला मोत्याच्या आवाजावरून कळायचे की माणूस आहे, डुक्कर आहे की लांडगा. गावठी कुत्रे आठ-नऊ वर्षांचे झाले की त्याचे म्हातारपण सुरू झाले असे धरावे. त्या मानाने मोत्या चांगलाच पिकला होता.

2022 च्या दिवाळीनंतर त्याने भाकरी सोडली. ताटलीशी यायचा, हुंगायचा, एखादा तुकडा उचलून खाली टाकायचा आणि निघून जायचा. दूध ओतले तर मात्र चाटायचा. मी निदान करून मोकळा झालो: चोचले! दूध बंद करा, भूक लागली की खाईल. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आई माझ्यावर ओरडली. "आरं, त्याला खायचंय. खाता येत न्हाई. तुकडा कसा एका बाजूनं धरतोय बघ की. माझ्या दाढा गेल्या तवा माझं न्हाई का आसंच झालं हुतं?"

मी वाकून पाहिले. डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज होती. तोंडाला घाण वास येत होता. दोन दिवस मी त्या जनावराला दाढदुखीची शिक्षा म्हणून उपाशी ठेवले होते.

कुत्र्याला 42 दात असतात. वरच्या जबड्यातली जी सर्वांत मोठी दाढ, तिचे मूळ डोळ्याच्या थेट खाली येते. हाड फोडताना ती चिरली किंवा किटणाने किडली की मुळाशी पू होतो आणि सूज डोळ्याखाली दिसते. आपल्याला वाटते गांधीलमाशी चावली. तालुक्याच्या पशुवैद्यांनी पाहताक्षणी दाढ काढायला सांगितले. त्यासाठी भूल द्यावी लागते, म्हणून आम्ही मोत्याला जीपमध्ये घालून शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. हे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्याकडून काही फार लांब नाही, हे लक्षात असू द्या. गाई-म्हशींसाठी आपण तिकडे जातो. कुत्र्यासाठी जायला लाजू नये.

दाढ निघाली, औषधाचा कोर्स झाला आणि आठवड्याने मोत्या जेवू लागला. मात्र पूर्वीसारखा नाही. तेव्हापासून त्याचे जेवण हे आईचे काम झाले, आणि आईने जे केले त्याला पुढे डॉक्टरांनीही मान डोलावली. म्हणून ते सविस्तर सांगतो.

कुत्र्याची चव जिभेपेक्षा नाकात असते. माणसाच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या हजारोंनी असतात. कुत्र्याच्या जिभेवर त्याच्या पाव हिश्श्याइतक्याही नसतात. त्याचे नाक मात्र आपल्या कितीतरी पट तिखट. म्हातारपणी हेच नाक मंदावते आणि रात्रीची गारढोण भाकरी त्याला मातीसारखी लागते. आई भाकरी कुस्करायची, तिच्यावर कोमट पाणी किंवा पातळ गोडे ताक घालायची आणि ती मऊ होईपर्यंत झाकून ठेवायची. मग त्यात एक उकडलेले अंडे कुस्करायचे. आठवड्यातून दोनदा कोंबडीचे पाणी, म्हणजे मीठ, तिखट, कांदा, लसूण घालण्याआधी वाटीभर बाजूला काढलेला रस्सा. आपल्या हाताला कोमट लागेल इतके गरम झाले की वास सुटतो आणि कुत्रे उठून बसते. पोळेल इतके गरम देऊ नये.

पंधरा किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला ज्वारीच्या दीड ते दोन भाकऱ्या, एक अंडे आणि वाटीभर ताक किंवा रस्सा एवढे पुरते. पण ते एका वेळी नव्हे, तीन वेळा थोडे थोडे. पंधरा-वीस मिनिटांत खाल्ले नाही तर ताटली उचलावी, उन्हात आंबत ठेवू नये. दूध पुष्कळ म्हाताऱ्या कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते. तसे झाले तर ताकावर यावे. ताटली जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. मान आणि पुढचे गुडघे धरलेल्या कुत्र्याला खाली वाकणे हेच दुखणे असते आणि आपण समजतो की त्याला अन्न नको आहे. पाणी मात्र बारा महिने ताजे आणि जवळ हवे.

आता दुसरी बाजू. प्रत्येक हट्टी कुत्रे आजारीच असते असेही नाही. भिगवणजवळच्या एका वस्तीवर एक आजी तक्रार करीत होत्या की त्यांचे म्हातारे कुत्रे महिना झाला भाकरीला शिवत नाही, आता काही जगत नाही. कुत्रे पाहिले तर तुकतुकीत! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातवाने पाळत ठेवली. कुत्रे पहाटे उठून उजनीच्या पाण्याकडे जायचे, जिथे मासे उतरवतात तिथे चिलापीची डोकी खायचे, तिथून शेजारच्या खानावळीच्या मागे चक्कर, आणि दहा वाजता घरी येऊन आजारी माणसासारखे आडवे. तेव्हा आधी कुत्र्याचे पोट पाहावे. त्यासाठी वजन हा उत्तम पुरावा. खताच्या दुकानातल्या काट्यावर कुत्रे उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. महिन्याला एकदा वहीत लिहून ठेवा. पंधरा किलोचे कुत्रे साडेतेरावर आले तर ते लाड नव्हेत.

खाणे सोडण्यामागे काय काय असू शकते? आपल्या भागात गोचीड ताप पुष्कळ. हिरड्या पांढऱ्या पडतात, ताप येतो, लघवी कधीकधी तांबडी होते. जंत असतात. कुत्री माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भपिशवीत पू होतो. ती खात नाही, पाणी मात्र फार पिते, आणि हे चार दिवसांत जिवावर बेतू शकते. म्हाताऱ्या कुत्र्याचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. दोन-तृतीयांशाहून जास्त काम थांबेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. दिसते तेव्हा पाणी पिणे आणि मुतणे वाढलेले असते, तोंडाला उग्र वास असतो, अन्नाचा तिटकारा येतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की सबंध एक दिवस पोटात काही गेले नाही, किंवा उलटी, काळी शी, पांढऱ्या हिरड्या, जास्त तहान यांतले काहीही दिसले, तर तुमचे-माझे निदान पुरे आणि दवाखाना गाठावा.

कुत्र्याने खावे म्हणून आपण मायेने जे पुढे करतो, त्यातच कधी विष असते. आपला भाग द्राक्षांचा. द्राक्ष आणि बेदाणा काही कुत्र्यांचे मूत्रपिंड बंद पाडतो. एखादे कुत्रे घोसभर खाऊन ठणठणीत राहते आणि दुसरे मूठभर बेदाण्याने मरते, आधी ओळखता येत नाही. अलीकडे शास्त्रज्ञांचा संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे. हेच आम्ल चिंचेतही असते. तेव्हा बेदाण्याच्या शेडमध्ये कुत्रे फिरकू देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रोज कालवणात बुडवलेली भाकरी म्हणजे रोजचा थोडा थोडा कांदा. शिजवलेल्या कोंबडीचे हाड सुईसारखे चिरते, ते आतड्यात टोचते. आणि दुखते म्हणून आपल्या डब्यातली गोळी तर कधीच देऊ नका. डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरातून रक्त जाते, मूत्रपिंड बिघडते. याच औषधाने आपल्याकडची गिधाडे संपली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने देण्याची वस्तू नव्हे.

आता जे सांगतो ते घरातल्या पोरासोरांना बसवून वाचून दाखवा. कुत्रे खात नाही, खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, पाणी गिळता येत नाही, असे दिसले की आपल्याला वाटते घशात हाड अडकले. आणि आपण तोंडात हात घालतो! ही पिसाळण्याची मुकी तऱ्हा असू शकते. पिसाळलेले कुत्रे चावत सुटलेच पाहिजे असे नाही. काही कोपऱ्यात गप्प बसतात. बारामतीच्या जिरायत भागातल्या एका शेतकऱ्याने असाच हात घातला होता. हाड नव्हतेच. कुत्रे तिसऱ्या दिवशी मेले. त्यांच्या बोटाला विळ्याची ताजी चीर होती. नशीब म्हणून त्यांच्या सुनेने ऐकले होते की लाळही बाधते. तिने त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवले, त्यांनी सगळे डोस घेतले आणि ते आज धडधाकट आहेत. रोगाची लक्षणे एकदा माणसात दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही. म्हणून लाळ लागली, ओरखडा आला, चावले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, हळद काही भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रक्त आले असेल तर सिरमविषयीही विचारा. आणि कुत्रे म्हातारे झाले म्हणून त्याची दरवर्षीची रेबीजची लस चुकवू नका.

असो. विषय जेवणाचा होता. नामदेवांची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणत. लहानपणी मला ती भक्तीची गोष्ट वाटे. मोत्याची दाढ निघाल्यापासून मला तीत सरळ व्यवहारही दिसतो, कोरडी भाकरी खरोखरच घशाखाली उतरत नाही. नेपाळात दिवाळीत एक दिवस कुत्र्यांना हार घालून गोडधोड देतात. आपण पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारतो, पण गोठा राखणाऱ्याच्या नावाचा सण काही आपल्याकडे नाही.

मोत्या त्यानंतर अकरा महिने जगला. शेवटचे दोन महिने त्याचे मूत्रपिंड गेले होते. रक्ततपासणीने तसे सांगितले. डॉक्टरांनी मीठ बंद केले, मांस-अंडे बेताने द्यायला सांगितले, तांदळाची पेज आणि भरपूर पाणी सांगितले. तो ताटलीतून खाईना. आई दुपारी ओसरीवर बसून आपली भाकरी दुधात कुस्करायची, आणि तिच्या हातून मात्र तो चार घास घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, दूध नको. आई म्हणाली, "बरं," आणि दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःही पेजच घेतली, कारण तिच्या वाटीतले त्याला हवे असे आणि दोन वाट्या करून तो फसत नसे. त्या दोन महिन्यांत तिचेही वजन उतरले. मी तिच्यावर चिडलो, तर तिने मलाच विचारले की दोन दिवस उपाशी कोणी ठेवले होते.

त्याची जर्मनची ताटली अजून ओसरीवर, दोन विटांवरच आहे. यंदा टोळीबरोबर पुन्हा एक पिल्लू आले. त्याला विटा लागत नाहीत, तो ताटलीतच उभा राहून खातो. लस मागच्या महिन्यात टोचून आणली.