पीटर हडसनचे गोल मोजताना

727. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये पीटर हडसनने मारलेले एकूण गोल. लीगच्या सर्वाधिक गोलांच्या यादीत टोनी लॉकेटच्या नावापुढे 1360 आहेत आणि गॉर्डन कॉव्हेंट्रीच्या नावापुढे 1299. नुसत्या बेरजेवर गेलं, तर हडसन बराच मागे दिसतो.

आता शेजारचा रकाना बघा, सामन्यांचा. लॉकेट 281, कॉव्हेंट्री 306, हडसन फक्त 129. भागाकार केला की लॉकेट 4.84, कॉव्हेंट्री 4.25 आणि हडसन 5.64. या लीगच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत एवढी सरासरी दुसऱ्या कुणाचीच नाही. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनचं 99.94 जसं आपण आदराने उच्चारतो, तसाच हा आकडा उच्चारायला हवा.

एका गोलाचे 6 गुण. म्हणजे मैदानात 18 जणांचा संघ, पण दर सामन्याला सुमारे 34 गुण या एकट्याचे. 1968 ते 1971 या चार हंगामांत तर त्याने 125, 120, 146 आणि 150 गोल केले: 84 सामन्यांत 541, सरासरी 6.44. ज्या दोन खांबांमधून चेंडू जावा लागतो, त्यांच्यातलं अंतर आहे 6.4 मीटर. दर सामन्याला, मीटरमागे एक गोल!

हे सगळं आलं कुठून? टास्मानियात डरवेंट नदीच्या काठी वसलेल्या न्यू नॉरफोक या छोट्या गावातून. तिथल्या क्लबसाठी 78 सामन्यांत 378 गोल करून तो 1967 मध्ये मेलबर्नच्या हॉथॉर्न क्लबात गेला. त्याची किक डोळे दिपवणारी नव्हती. फ्लॅट पंट, जुन्या वळणाची, साधी. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं आणि त्याची किक क्वचितच चुकायची.

1972 च्या पहिल्याच सामन्यात मध्यंतरापूर्वी 8 गोल झाले आणि गुडघा निकामी झाला. तो टास्मानियाला परतून हॉटेल चालवू लागला. 25 ऑगस्ट 1973 ला हॉथॉर्न क्लबाने त्याला एका सामन्यासाठी बोलावलं. सकाळी विमानाने मेलबर्न, तिथून हेलिकॉप्टरने थेट वेव्हर्ली मैदानावर. दीड वर्षाच्या खंडानंतर, वजन वाढलेलं, गुडघा कच्चा. त्या दिवशीही गोल 8!

1975 मध्ये होबार्टच्या ग्लेनॉर्की क्लबाचा तो खेळाडू-प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच वर्षी संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. तिथे 81 सामन्यांत 616 गोल. एकट्या 1979 च्या हंगामात 179.

तिन्ही क्लबांची बेरीज करा: 288 सामने, 1721 गोल, 10,326 गुण. प्रत्येक गोलानंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर परत न्यावा लागतो. एका खेपेला 80 मीटर धरले, तर हडसनच्या गोलांमुळे चेंडू जवळजवळ 138 किलोमीटर मागे आणला गेला. होबार्टपासून लॉन्सेस्टनची वाट साधारण 200 किलोमीटरची आहे. तिचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग झाला.

आणि तरीही त्या प्रतिष्ठेच्या यादीत हडसनचे गोल 727 च राहतात. आपल्या माणसांसमोर, टास्मानियाच्या मैदानांवर मारलेले 994 गोल त्या रकान्यात बसत नाहीत. ते मोजल्याशिवाय हा माणूस केवढा होता, हे कळत नाही.