थांबा, पाहा आणि टिपा

उतारवयात माणसाचे जग हळूहळू रस्त्याच्या अलीकडे आक्रसत जाते. पलीकडची भाजी मंडई, वाचनालय, जुन्या स्नेह्याचे घर एकेक करून 'लांब' होऊ लागते. अंतर वाढलेले नसते, वाहनांचे भय वाढलेले असते. एकदा अर्ध्या रस्त्यात असताना दिवा लाल झाला, की पुढे पाऊल उंबऱ्यातच अडखळते. चालणे घटले की पायांतील बळ व शरीराचा तोल उणावतो आणि भय आणखी वाढते. हे चक्र थांबवण्यास एक साधा, बिनखर्चाचा छंद साहाय्यभूत ठरू शकतो. तो म्हणजे रस्त्यावरील फलकांची आणि सिग्नलच्या दिव्यांची छायाचित्रे टिपणे.

प्रथमदर्शनी हा छंद विचित्र वाटेल. परंतु पक्षी क्षणात उडून जातो, फलक मात्र आपली वाट पाहत उभा असतो. त्यासाठी पहाटे रानात जावे लागत नाही, महागडा कॅमेराही लागत नाही. हातातील मोबाइल पुरेसा आहे.

चिन्हांची भाषा

काही दिवस लक्षपूर्वक पाहिल्यास या फलकांचे व्याकरण उलगडू लागते. लाल कडेचे वर्तुळ मनाई करते, लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, निळा आयत माहिती देतो. 'थांबा' हा फलक तेवढा अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण. धूळ साचली किंवा फलक मागच्या बाजूने दिसला, तरी केवळ आकारावरून तो ओळखता यावा, हा या वेगळेपणाचा लाभ आहे. गावी जाताना किलोमीटरचे दगडही टिपावेत. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरील हिरवा.

काही चिन्हांना स्वतःचा इतिहास आहे. मुंबईत दादर परिसरातील पादचारी दिव्यांमध्ये २०२० साली पुरुषाकृतीऐवजी स्त्रीची आकृती झळकली. बर्लिनच्या सिग्नलमधील टोपीवाला माणूस कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ साली पूर्व जर्मनीत रेखाटला. जर्मनीच्या एकीकरणानंतर तो हटवला जाऊ लागला, तेव्हा नागरिकांनी आग्रह धरून त्याला वाचवले. ब्रिटनमधील शाळेजवळच्या फलकावर लहान मुलाचा हात धरून चालणारी मुलगी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी स्वतःच्या बालपणीच्या रूपावरून चितारली. परदेशी असलेल्या नातवंडांना तेथील एखाद्या फलकाचे छायाचित्र पाठवण्यास सांगावे आणि आपल्या चौकातील तसाच फलक त्यांना पाठवावा. 'जेवलास का?' या नेहमीच्या प्रश्नापलीकडे बोलण्यास एक विषय मिळतो.

टिपताना

सिग्नलचा दिवा छायाचित्रात पुष्कळदा पांढुरका येतो. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर त्या दिव्यावर बोट टेकवून उजेड कमी करावा. एलईडी दिवे डोळ्यांना न जाणवेल इतक्या वेगाने लुकलुकत असल्याने एखाद्या छायाचित्रात दिवा विझलेला दिसू शकतो, म्हणून दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. सायंकाळी फ्लॅश बंद ठेवावा. फलकावरील चकाकणारा थर प्रकाश आला त्या दिशेलाच परत पाठवतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये अक्षरे पुसट होतात.

येथे आपल्या डोळ्यांचीही नकळत पाहणी होते. दिव्यांभोवती वलये दिसणे, रंग मळकट वा पिवळसर भासणे, सायंकाळी प्रकाशाने डोळे दिपणे ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात. असे आढळल्यास नेत्रतज्ज्ञांची भेट लांबणीवर टाकू नये.

सेकंदांचा हिशेब

या छंदाचा सर्वांत मोलाचा उपयोग हा आहे. पादचाऱ्यांसाठीच्या दिव्याची वेळ ठरवताना साधारणतः सेकंदाला १.२ मीटर ही चाल गृहीत धरली जाते. या गतीने बारा मीटर रुंदीचा रस्ता दहा सेकंदांत ओलांडला जातो. परंतु आपली चाल सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर पंधरा सेकंद लागतात. मधल्या पाच सेकंदांत अपघाताची शक्यता दडलेली असते.

म्हणून पदपथावर उभे राहून आपल्या नेहमीच्या सिग्नलची ध्वनिचित्रफीत घ्यावी आणि घरी निवांतपणे हिरव्या आकृतीचे सेकंद मोजावेत. मग घराजवळील सुरक्षित जागी तेवढेच अंतर चालून आपली वेळ पाहावी. आपल्याला अधिक वेळ लागत असल्यास सोबत घेऊन जावे, किंवा मध्ये थांबण्यास सुरक्षित जागा असलेला रस्ता निवडावा. हिरवा दिवा आधीपासून लागलेला असेल तर घाईने निघू नये, पुढच्या हिरव्या दिव्याची प्रतीक्षा करावी. भय धूसर असते, सेकंदांचा आकडा स्पष्ट असतो. आकडा कळला की उपायही सुचतो.

हे पथ्य पाळावे

छायाचित्र पदपथावरूनच, स्थिर उभे राहून घ्यावे. रस्ता ओलांडताना मोबाइल खिशात किंवा पिशवीत असावा. उंच फलकासाठी मान फार मागे टाकल्यास घेरी येऊ शकते. त्याऐवजी दूर उभे राहून मोबाइलवर प्रतिमा मोठी करून घ्यावी. दुहेरी काचांचा चष्मा असल्यास खालच्या काचेतून पायरी व पदपथाची कड धूसर दिसते. म्हणून छायाचित्र घेतल्यावर मोबाइल ठेवावा, क्षणभर थांबावे, मान किंचित झुकवून वरच्या काचेतून पायाखालचे पाहावे आणि मगच चालावे. भर उन्हात जाणे टाळावे. पाणी व काठी सोबत असावी. लष्करी व तत्सम प्रतिबंधित परिसरात छायाचित्रे घेऊ नयेत.

घरच्यांसाठी

वडीलधाऱ्यांना 'एकटे बाहेर पडू नका' असे बजावण्यापेक्षा आठवड्यातून एकदा 'आज कोणता चौक?' असे विचारावे आणि सोबत जावे. स्मृती क्षीण झालेल्या व्यक्तीला छायाचित्र दाखवून 'हे काय आहे, सांगा' अशी परीक्षा घेऊ नये. 'या चौकात पूर्वी काय होते?' असे सहज विचारावे. उत्तर आले तर ऐकावे, न आले तर पुढचे चित्र पाहावे.

झाडामागे दडलेला फलक, पुसट झालेले झेब्रा पट्टे, बंद पडलेला पादचारी दिवा हेही अवश्य टिपावे. ठिकाण व दिनांक लिहून ते छायाचित्र अर्जासोबत स्थानिक पालिकेकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे द्यावे. 'तेथे फार त्रास होतो' या वाक्यापेक्षा असे छायाचित्र अधिक बोलके असते. ज्या रस्त्याची आपल्याला भीती वाटत होती, तोच रस्ता इतरांसाठी थोडा सुरक्षित करण्याचे समाधान त्यातून लाभू शकते. उद्या सकाळी ऊन कोवळे असतानाच आपल्या घराजवळच्या पहिल्या फलकापासून आरंभ करावा.